आमच्या भागाचा रकानाच नाही

१५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेची निवडणूक झाली. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. प्रभाग पाडताना शहराची लोकसंख्या धरली होती ३४ लाख ८१ हजार, कारण जनगणना शेवटची झाली ती २०११ मध्ये. मतदारयादीत मात्र साडेपस्तीस लाखांच्या आसपास नावं. म्हणजे कागदोपत्री या शहरात माणसांपेक्षा मतदार जास्त. दुबार, मयत, गाव सोडून गेलेले असे सगळे वजा केले तरी हिशेब बसत नाही, कारण अठराच्या आतली पोरं यादीत नसतात आणि माणसांत मात्र ती धरावीच लागतात. दोन्ही आकडे वर्तमानपत्रांत आले, लोकांनी वाचले, आणि फारसं कुणाला काही खटकलं नाही.

हे झालं शहराचं. तिथे निदान चुकीचा का होईना, आकडा आहे. एक पायरी खाली उतरा आणि स्वतःच्या भागाबद्दल साधे प्रश्न विचारा. इथे माणसं किती राहतात? नळाच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा निकाल काय आला? गेल्या वर्षी या चार रस्त्यांवर महापालिकेने किती रुपये खर्च केले? डेंग्यूचे रुग्ण किती निघाले? नाल्याला पूर आला तर पाणी कुठपर्यंत येतं? यांतल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर पुण्यासारख्या, स्वतःला जाणकार समजणाऱ्या शहरात मिळत नाही.

यावर ठरलेली तक्रार अशी की सरकार माहिती दडवतं. काही ठिकाणी ते खरंच आहे. पण मला ही तक्रार अपुरी वाटते. माहिती जमा होते, भरपूर होते, आणि तिचा बराच भाग उघडाही असतो. सातबारा घरबसल्या निघतो. १ मे २०१७ पासून बांधकाम प्रकल्पांची कुंडली महारेरा या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक आहे आणि त्यावरून तिथे वर्ग किती, शिक्षक किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, हे कळतं. महापालिकेने झाडं मोजली आहेत, तीही एकेक करून, नकाशावर जागा दाखवून. अडचण वेगळीच आहे. आपण जिथे राहतो तो भाग, म्हणजे चार गल्ल्या, एक नाला, दोन शाळा, एक भाजी मंडई, हे मोजणीचं एकक म्हणून सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. आणि ज्याचा रकाना नाही त्याच्यासाठी जबाबदारही कुणी नाही.

धायरी आणि नऱ्हे घ्या. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली ही दोन शेजारी गावं. आज त्यांच्यातली शीव शोधायला जुन्या माणसालाच विचारावं लागेल, इतकी ती इमारतींनी एकमेकांत मिसळली आहेत. पिनकोड एकच, ४११०४१. विधानसभा मतदारसंघही एकच, खडकवासला. पण धायरी २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर महापालिकेत आली आणि नऱ्हे २०२१ मध्ये तेवीस गावांबरोबर. त्या तेवीस गावांचं नियोजन प्राधिकरण म्हणून राज्य सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, म्हणजे पीएमआरडीएला नेमलं. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे इमारतीची परवानगी महापालिकेची, पलीकडे पीएमआरडीएची, आणि घरपट्टी दोन्हीकडे महापालिकेची. जमिनीचे कागद तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. वीज महावितरणच्या स्वतःच्या उपविभागांप्रमाणे. पोलीस ठाण्यांच्या हद्दी २०२४ मध्ये नव्याने आखल्या गेल्या. नांदेड सिटी, आंबेगाव अशी नवी ठाणी झाली, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे गुन्ह्यांचे आकडे शेजारी ठेवून वाचायची सोय उरली नाही. प्रत्येक खात्याचा नकाशा त्याच्या त्याच्या सोयीचा. दहा नकाशे एकावर एक ठेवले तरी त्यांत धायरी कुठे सापडत नाही.

प्रभाग हा त्यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. प्रभाग म्हणजे निवडणुकीपुरती काढलेली रेघ. २००७ मध्ये पुण्यात एका प्रभागाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये चार. मग तीनचा घाट घातला गेला, तो बारगळला, आणि २०२६ मध्ये पुन्हा चार. एका प्रभागात तर पाच. दरवेळी सीमा बदलल्या, क्रमांक बदलले, नावं बदलली. मागच्या दहा वर्षांत आपल्या प्रभागात किती पैसे आले हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण दहा वर्षांपूर्वी हा प्रभागच नव्हता. शिवाय आकारही पाहा. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं. वाई शहराच्या दुपटीहून जास्त. वाईला नगरपालिका आहे, नगराध्यक्ष आहे, स्वतंत्र अर्थसंकल्प आहे, आणि वाईच्या दुप्पट माणसांसाठी आपल्याकडे चार नगरसेवक आणि अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकात विखुरलेल्या ओळी. या ओळींची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल: अमुक प्रभागात ठिकठिकाणी ड्रेनेज लाइन टाकणे, ठिकठिकाणी काँक्रिटीकरण करणे. ते ठिकाण कोणतं हे कंत्राटदाराला माहीत असतं.

२०२१ मध्ये शहरात आलेल्या गावांचं जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकं वाटतं. गाव होतं तेव्हा ग्रामपंचायत होती. ती फार आदर्श होती असं कुणीच म्हणणार नाही. पण वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागत, त्यांत जमाखर्च मांडावा लागे, आणि कुणी ना कुणी उठून विचारत असे की बाबा, ही पाइपलाइन नेमकी कुठे टाकली. १५ व्या वित्त आयोगाचा निधी किती आला, त्यातला कशावर खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहता येतं. नळजोडण्या किती आणि पाण्याचे नमुने किती तपासले, हे जलजीवन मिशनच्या फलकावर गावागणिक दिसतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. थोडक्यात, महाराष्ट्रातल्या एखाद्या आडगावाची जेवढी माहिती उघड्यावर असते तेवढी पुणे शहरातल्या भागाची नसते. गाव शहरात गेलं की ते या ग्रामीण फलकांच्या बाहेर पडतं, आणि शहरात त्याच्यासाठी तसा फलक नसतो. ग्रामसभा गेली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची. तेवीस गावांना स्वतःचा माणूस मिळाला तो थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात घरपट्टी मात्र वेळेवर आली.

आणि याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. धडधाकट माणसांचे पाय लुळे पडू लागले, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. एकूण रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. दूषित पाण्याचा संशय पहिल्यापासून होता. रुग्णांचे पत्ते जमवले गेले तेव्हा त्यांतले बरेचसे नांदेड गावातल्या, पाणीपुरवठ्याच्या एका मोठ्या विहिरीच्या परिसरातले असल्याचं पुढे आलं. मग धावपळ झाली. क्लोरीन, टँकरची तपासणी, खासगी आरओ केंद्रांना टाळं. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने पटकीच्या बळींची घरं नकाशावर मांडून एका हातपंपाकडे बोट दाखवलं होतं. आपण १७० वर्षांनंतर तेच केलं, आणि तेही माणसं आजारी पडल्यावर. त्या विहिरीच्या पाण्याचे निकाल महिन्याच्या महिन्याला गावात लागले असते तर साथ आलीच नसती, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण पाणी उकळून प्यायचं की नाही हे ठरवायला लोकांच्या हाती काहीतरी असतं.

यावर अधिकाऱ्यांचं नेहमीचं उत्तर असतं की लोकांना आकडे कळत नाहीत, विनाकारण घबराट होते. कळत नाहीत, कारण आकडे कळतील अशा रूपात दिलेच जात नाहीत. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, ते ३५ हजार क्युसेकच्या घरात गेलं, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. बोटी आणाव्या लागल्या, लष्कर बोलवावं लागलं. विसर्गाचा आकडा जाहीर होत असतोच. पण पार्किंगमध्ये दुचाकी लावलेल्या माणसाला ३५ हजार क्युसेक म्हणजे काय समजायचं? त्याला हवं असतं ते एवढंच की इतकं पाणी सोडलं की आमच्या गल्लीत गुडघाभर, इतकं सोडलं की पहिला मजला. पुणेकर ही मोजदाद एका बाबतीत वर्षानुवर्षं करत आले आहेत. मुठेच्या पात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला, असं कुणी म्हटलं की नदीची स्थिती अख्ख्या शहराला कळते. आकड्याची गरज पडत नाही. हेच प्रत्येक वळणावर, प्रत्येक नाल्यावर करता येतं. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. रेषा आखलेल्या आहेत, नकाशेही आहेत. पण ते अभियंत्याला वाचता येतील असे. घर घेणाऱ्याला ही रेषा इमारतीच्या कुठल्या भिंतीतून जाते ते कळत नाही, आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही.

इथे आपल्याच पदराखालचा निखारा बाहेर काढायला हवा. भागाची माहिती उघड व्हावी असं सगळ्यांना वाटतं हा भ्रम आहे. सोसायटीच्या सभेत कुणी म्हणून पाहावं की आपण पूररेषेत आहोत, फाटकावर तसा फलक लावू या. भाव पडतील म्हणून पहिला विरोध घरमालकांचाच होईल. आपल्या बोअरवेलच्या पाण्याचा अहवाल सूचना फलकावर लावणाऱ्या सोसायट्या किती? शाळेचा निकाल, दवाखान्याचे दर, टँकरचं पाणी कुठून भरून येतं, हे न विचारण्यात बऱ्याच जणांची सोय असते. सरकारला एकट्याला झोडपून हा प्रश्न सुटणारा नाही.

मुंबईचं उदाहरण मला नेहमी उपयोगी वाटतं. मुंबईचं सगळंच चांगलं चाललं आहे असं म्हणायचं नाही, पण तिथे एक गोष्ट टिकून राहिली: इंग्रजी अक्षरांचे प्रशासकीय विभाग. ए, बी, सीपासून टीपर्यंत. नगरसेवकांच्या २२७ प्रभागांच्या रेषा बदलोत, के पश्चिम म्हणजे अंधेरी पश्चिमेकडचा भाग आणि जी उत्तर म्हणजे दादर, माहीम, धारावी, हे पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी तसंच राहिलं आहे. म्हणून पाणीकपातीपासून हिवतापापर्यंत सगळं विभागवार निघतं, आणि प्रजा फाउंडेशनसारखी संस्था माहिती अधिकारात आकडे मागवून वर्षागणिक तुलना करू शकते. करोनाच्या दिवसांत तर आणखी खाली जाता आलं. जी उत्तर विभागाचे आकडे रोज निघायचे ते दादर, माहीम आणि धारावी असे वेगवेगळे. धारावीत आज किती, हे सगळ्या देशाला कळत होतं आणि त्यामुळेच धारावीत काय करायचं हे ठरवता आलं. एकाच विभागातले तीन शेजारी वेगळे मोजता येतात, रोज मोजता येतात, हे आपल्याच राज्यातल्या महापालिकेने दाखवून दिलं. साथ ओसरली आणि ती सवयही ओसरली.

कायद्याची अडचण नाही, कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यातलं कलम ४ कुणी मागण्याआधीच, आपण होऊन, सतरा प्रकारची माहिती प्रसिद्ध करा असं सांगतं. अर्ज करणं हा त्या कायद्याचा दुय्यम मार्ग. आपण त्यालाच मुख्य रस्ता करून बसलो. त्यात महाराष्ट्राने २०१२ मध्ये अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली, म्हणजे पाणी आणि ड्रेनेज एकाच कागदावर विचारायची सोय नाही. महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल द्यावा लागतो. तो येतोही, पण त्यात शहर एकसंध असतं, जणू काही कोथरूडची हवा आणि हडपसरची हवा एकच. पुण्याने एक चांगली प्रथा पाडली होती: २००९ पासून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांनी यावं आणि फायली पाहाव्यात. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांना लागू केली. फार मोलाची सोय आहे ही, अर्ज न करता मूळ कागद हातात येतो. पण सोमवारी दुपारी ३ वाजता मोकळा असणारा माणूस म्हणजे बहुधा निवृत्त माणूस. त्यामुळे या शहरातल्या माहितीचा पहारा ज्येष्ठ नागरिकांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांच्यातले जे निष्ठेने जातात त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

खासगीपणाचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उडवून लावण्यात अर्थ नाही. एकक जितकं लहान तितकी माणसं ओळखू येण्याची भीती मोठी. चार गल्ल्यांत किती कुटुंबं कुठल्या धर्माची, कुठल्या जातीची, हे छापलं की दुसऱ्या दिवशी घर भाड्याने देणारे दलाल ते वापरतील. पुढच्या जनगणनेत जातीची नोंदही होणार आहे, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. म्हणून माझं म्हणणं असं की वस्तीच्या पातळीवर लोकांची मोजणी नको, सेवांची हवी. माणसांबद्दल फक्त एकूण संख्या, वयोगट, बस. बाकी सगळं पाणी, गटार, दिवे, कचरा, दवाखाना, शाळा, खर्च यांच्याबद्दल. यात कुणाचं खासगी काय आहे?

पण खासगीपणाचं नाव पुढे करून उलट दिशेनेही काम चालू आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आणि त्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदलून टाकलं. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे दाखवावं लागे. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. आता वैयक्तिक माहिती एवढे दोन शब्द पुरे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण ती वापरायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती. रोजगार हमीच्या हजेरीपटावर गावातल्या लोकांनी मेलेल्या माणसांची नावं शोधून काढली ती नावं उघड होती म्हणून. रस्त्याच्या कामाच्या मोजमाप वहीवर कुणा अभियंत्याची सही आहे हे वैयक्तिक म्हणून झाकलं जाणार असेल, तर खासगीपण नेमकं कुणाचं जपलं जातंय ते उघड आहे. सार्वजनिक पैसा जिथे माणसाच्या हातातून जातो तिथे नाव हवं. इथे मी सेवांचीच मोजणी हवी या माझ्याच नियमाला अपवाद करतो, आणि तो अपवाद मला नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आकडे सरकारने द्यायचे आणि आपण वाचायचे, ही सवयसुद्धा फार जुनी नाही. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये सुरू झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली, पिकं, धान्याचे भाव, लोकांचे हाल यांची टिपणं मागवली आणि ती सरकारपुढे ठेवली. सरकार म्हणत होतं त्यापेक्षा परिस्थिती वेगळी आहे हे सांगायला त्यांच्याजवळ भाषण नव्हतं, तपशील होता. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, घराघरांत जाऊन, पेठापेठांतून. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापून आला. १९४० च्या आधीच्या पुण्यात माणसं काय कमवत, किती खोल्यांत राहत, कर्ज कुणाकडून काढत, हे आपल्याला त्या पाहणीतून कळतं. आजच्या नऱ्ह्याबद्दल तेवढं कुणी सांगू शकत नाही.

ग्रामीण भागात हिवरे बाजारचं नाव घ्यावंच लागतं. तिथे पाऊस गावात मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आणि यंदा रब्बीला काय पेरायचं, कशाला फाटा द्यायचा, ते त्यावरून ठरतं. हे नाव इतक्यांदा घेतलं गेलं आहे की ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. मला त्यातली एकच गोष्ट अधोरेखित करायची आहे. तिथे आकडा आणि निर्णय एकाच खोलीत, एकाच माणसांसमोर असतात. पाऊस मोजणारे, पेरणारे आणि ठरवणारे एकच. शेजारच्या गावांत पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरचा असतो. एका मंडळात दहा-पंधरा गावं, केंद्रावर पाऊस पडला आणि शिवारात नाही पडला तर पीकविम्याच्या वेळी शेतकरी केंद्राच्या पावसात भिजतो. शहरातला माणूस आणि तो शेतकरी यांचं दुखणं एकच आहे. दोघांनाही दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचा आकडा लागू होतो.

मग एकक कोणतं घ्यायचं? नवं काही शोधायची गरज नाही. जनगणनेसाठी देशाचे जे छोटे गट पाडले जातात त्यांत साधारण ६५० ते ८०० माणसं असतात, कारण एका प्रगणकाला तेवढंच झेपतं. प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याराज्यांत घरयादी आणि मग १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून लोकगणना, असा कार्यक्रम आहे, आणि यावेळी सगळं मोबाइलवर. म्हणजे गटांच्या सीमा कागदावर नव्हे, डिजिटल नकाशावर आखल्या जाणार. असे दहा गट एकत्र केले की सात हजारांच्या आसपास लोकवस्ती होते. तेवढा भाग माणसाला पायी फिरून कळतो, आणि कुणा एकाची माहिती उघडी पडायची धास्ती राहत नाही. एकेका माणसाची नोंद तर १९४८ च्या जनगणना कायद्याने तशीही गोपनीय आहे. इंग्लंडने २००१ च्या जनगणनेनंतर हेच केलं. हजार ते तीन हजार वस्तीचे भाग पाडले, त्यांना लोअर लेयर सुपर आउटपुट एरिया असं भयंकर नाव दिलं, आणि शक्यतो त्यांच्या सीमा हलवायच्या नाहीत असं ठरवलं. वीस वर्षांची तुलना तिथे करता येते ती या हट्टामुळे. आपल्याकडे नाव चांगलं शोधू, वस्ती म्हणा, आळी म्हणा. पण रेघ एकदा आखली की निवडणूक आयोगापासून महावितरणपर्यंत सगळ्यांनी आपापले आकडे त्या रेघेत बसवून द्यावेत आणि ती रेघ कुणाच्या निवडणुकीसाठी सरकू नये.

खर्च फार येईल, हा युक्तिवाद २०२५-२६ साठी १२ हजार ६०० कोटींचं अंदाजपत्रक मांडलेल्या महापालिकेने करू नये. २००६ पासून नागरिकांकडून भागातली कामं सुचवून घ्यायची योजना पुण्यात चालू आहे, पाच लाखांपर्यंतची कामं. लोक फुटपाथ सुचवतात, बाक सुचवतात. बाक सुचवतात कारण बाकाची गरज डोळ्यांना दिसते. जलवाहिनी गटाराच्या शेजारून गेली आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि कुणी दाखवत नाही. भागाचा तक्ता हातात आला तर याच योजनेतल्या मागण्या बदलतील.

नव्या नगरसेवकांपुढे हा विषय ठेवायचा तर नकाशा आमच्याकडे नाही, ही सबब प्रशासनाला देता येणार नाही. मोठ्या शहरांत जनगणनेची जबाबदारी महापालिका आयुक्तांकडेच असते. गटांच्या सीमा त्यांच्याच कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर असणार. सगळ्या खात्यांचे आकडे एकदम मागितले तर समिती नेमली जाईल आणि समितीचा अहवाल पुन्हा पीडीएफमध्ये स्कॅन होऊन येईल, ज्यात मराठी शब्द शोधताही येत नाही. त्यापेक्षा समाविष्ट गावांपासून आणि पाण्यापासून सुरुवात व्हावी. प्रत्येक वस्तीसाठी मराठीतला एक पानाचा तक्ता, दर महिन्याला: पाणी धरणाचं, विहिरीचं की टँकरचं, टाकी शेवटची कधी धुतली, नमुना कुठल्या नळावरून, कुठल्या तारखेला घेतला, क्लोरीन किती सापडलं, जंतू सापडले की नाही, आणि सापडले असतील तर दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याचं नाव. तक्ता आरोग्य कोठीवर, रेशन दुकानात आणि शाळेच्या फाटकावर लागावा. तपासण्या आजही होतात, प्रयोगशाळेच्या वहीत निकाल आजही लिहिले जातात. त्या वहीला फक्त वस्तीचा एक रकाना जोडायचा आहे.